स्टिलगारला हसलात ना?

‘ड्यून: पार्ट टू’बद्दलचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं उठतं. "अगं, पॉल हीरो नाहीचे मुळी. हा सिनेमा तारणहारांच्या विरोधात आहे. तुला कळलाच नाही." हे सांगणाऱ्याच्या मोबाइलचा वॉलपेपर एकदा बघून घ्यावा. तिथे निळ्या डोळ्यांचा टिमथी शॅलमे उभा असतो, समोर झुकलेली गर्दी असते, आणि स्टेटसला लिहिलेलं असतं ‘लिसान अल-गायब’.

मग विरोध नेमका कुणाला झाला?

सिनेमा आवडला नाही म्हणून मी हे विचारत नाहीये. आवडलाय. थिएटरात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा आयमॅक्सचे पैसे मोजून. तुमच्यापैकी अनेकांनी तो फोनवर पाहिला असेल. वाळूचा अख्खा ग्रह तिथे अंगठ्याएवढा होतो, पण मी जे म्हणणार आहे ते अंगठ्याएवढ्या पडद्यावरही दिसतं. आणि सिनेमा मार्च २०२४ मधला आहे, तेव्हा पुढे गोष्ट फोडली म्हणून तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ सालची. बऱ्याच प्रकाशकांनी नाकारल्यावर ती छापली चिल्टन नावाच्या प्रकाशकाने, जो गाड्या दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखला जायचा. (विज्ञानकथेला कोण दारात उभं करतं, हा प्रश्न फक्त मराठीतला नाही.) अराकिस हा वाळवंटी ग्रह. तिथे ‘स्पाइस’ मिळतं आणि ते नसेल तर ग्रहाग्रहांमधला प्रवास ठप्प. त्यापायी अट्रेडीज घराण्याचा काटा काढला जातो. वारस पॉल आणि त्याची आई जेसिका वाळवंटात पळतात आणि फ्रेमन लोकांच्या आश्रयाला जातात. फ्रेमनांमध्ये एक दंतकथा आहे: बाहेरच्या जगातून कुणीतरी येईल आणि आपल्याला सोडवेल. ही दंतकथा बेने गेसरिट नावाच्या बायकांच्या पंथाने फार पूर्वीच मुद्दाम पेरून ठेवलेली आहे आणि जेसिका त्याच पंथातली आहे. म्हणजे ज्यांनी पेरलं, त्यांच्यातलीच एक बाई आता पोराला घेऊन उभ्या पिकात शिरते.

कल्पना जबरदस्त आहे. श्रद्धा, सत्ता, साधनसंपत्तीची लूट, सगळं एका गाठीत. ‘स्टार वॉर्स’च्याही बरंच आधी हर्बर्टने सांगून ठेवलं होतं की ‘निवडलेला मुलगा’ ही गोष्ट गोड नाही. पुढे १९६९ मध्ये ‘ड्यून मेसाया’ लिहून त्याने या विजयाचा हिशेबही मांडला: बारा वर्षांत ६१०० कोटी माणसं मेलेली, आणि सिंहासनावर बसलेला पॉल स्वतःच्याच धर्माचा कैदी झालेला.

आता सिनेमाकडे. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हला काय येतं हे आधी मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही.

त्याला वजन दाखवता येतं. आजकालच्या महागड्या सिनेमात सगळं हवेत तरंगतं. कॉम्प्युटरवर केलेला राक्षस पडला तरी जमीन हलत नाही. इथे सुरुवातीलाच हार्कोनन सैनिक उंच कड्यावर अलगद चढत जातात आणि पुढच्याच क्षणी वरून प्रेतं धपाधप वाळूत पडतात. पॉल पहिल्यांदा वाळूच्या किड्यावर स्वार होतो तो प्रसंग घ्या. ज्या टेकाडावर तो उभा आहे तेच खालून कोसळतं. तो पडतो, वाळूत गडप होतो, धुळीत काही दिसेनासं होतं आणि छातीत आवाज घुमत राहतो. स्वारी ही डौलाची गोष्ट नसून धावत्या मालगाडीला आकड्यांनी लटकण्याची गोष्ट आहे, हे अंगाला कळतं. उत्कृष्ट ध्वनी आणि व्हिज्युअल इफेक्ट्स ही ऑस्कर त्याला मिळाली, त्यात कुणाचा हक्क मारला गेला असं मला वाटत नाही.

आणि गीडी प्राइम! हार्कोननांच्या या ग्रहावर सूर्य काळा आहे, म्हणून उन्हात रंगच नाहीत. छायाचित्रकार ग्रेग फ्रेझरने हे आखाड्याचे प्रसंग इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर घेतले. साधा कृष्णधवल सिनेमा असा दिसत नाही. इन्फ्रारेडमध्ये माणसाची कातडी मेणासारखी, आतून अर्धवट पारदर्शक दिसते, डोळे काळे खड्डे होतात. आकाशात फटाके फुटतात ते शाईचे डाग पडावेत तसे. ‘हे लोक क्रूर आहेत’ असं सांगणारा एकही संवाद न लिहिता एका अख्ख्या समाजाची तब्येत दाखवली आहे. संवाद हे नाटकाचं आणि टीव्हीचं काम, सिनेमाचं नव्हे, असं व्हिलनव्ह एका मुलाखतीत म्हणाला तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती. या दहा मिनिटांपुरतं तरी त्याचं म्हणणं मला पटतं.

पण त्याच आखाड्यात सिनेमाची खरी अडचणही उभी आहे.

हार्कोनन इतके वाईट आहेत, इतके टक्कल पडलेले, गुळगुळीत, नोकरांचे गळे सहज कापणारे, की त्यांना मारणारा कुणीही आपल्याला चालतो. सम्राटाचे सैनिक तर मुखवटेच. मेले काय, जगले काय. मी दुसऱ्यांदा पाहताना मुद्दाम एकच गोष्ट मोजत बसले: ज्याला आपण ‘धोकादायक’ म्हणायचं तो पॉल पडद्यावर किती निरपराध माणसांना मारतो? उत्तर शून्य. एकही नाही. ज्या धर्मयुद्धाची दोन तास सेहेचाळीस मिनिटं भीती घातली, त्याचे बळी कुठे आहेत? पॉलच्या स्वप्नांत. धुरकट, काही क्षणांपुरते, भुकेने खंगलेले लोक. नाव नाही, आवाज नाही. ज्यांचा सूड घेतला जातो त्यांची क्रूरता ढळढळीत उन्हात, आणि ज्यांच्यावर अन्याय होणार आहे ते धुक्यात. मग प्रेक्षकाने कुणाची बाजू घ्यावी अशी अपेक्षा आहे?

यावरचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. "तेच तर! आपणही फ्रेमनांसारखे वाहवत जातो, हीच दिग्दर्शकाची चाल आहे." ऐकायला फार छान. पण वाहवत नेणं ही अर्धीच चाल झाली. उरलेली अर्धी म्हणजे शुद्धीवर आणणं. जादूगाराने माणूस गायब केला आणि परत आणलाच नाही, तर त्याला जादू म्हणत नाहीत.

दक्षिणेच्या सभेतलं भाषण आठवा. पॉल विषासारखं ‘जीवनजल’ पिऊन आलाय, भूत-भविष्य सगळं दिसतंय. हजारो लोकांसमोर तो एका म्हाताऱ्याला त्याच्या आजीबद्दल, त्याच्या स्वप्नांबद्दल सांगतो आणि सभा गार होते. वडिलांची अंगठी बोटात घालून स्वतःला अराकिसचा ड्यूक जाहीर करतो. गर्दी गर्जते. या सगळ्यात चानीचा, म्हणजे पॉलच्या प्रेयसीचा, चेहरा मधूनमधून दिसतो. झेंडेया तिथे अप्रतिम आहे. फक्त डोळ्यांनी ती म्हणते की हा माणूस माझा उरला नाही. पण हान्स झिमरचा सगळा वाद्यवृंद कुणाकडे आहे? पॉलकडे. शंका घेणाऱ्याला क्लोजअप आणि मसीहाला ढोल, कोरस, हजारोंची सभा. सिनेमात वजन जिथे आवाज जातो तिथे जातं. थिएटरात माझ्या मागच्या रांगेतली पोरं या भाषणाला शिट्ट्या मारत होती. ती मूर्ख नव्हती. त्यांना सिनेमाने जे करायला सांगितलं तेच ती करत होती.

डेव्हिड लिंचने १९८४ मध्ये या कादंबरीचा सिनेमा केला तेव्हा शेवटी पॉलने अराकिसवर चक्क पाऊस पाडला होता. म्हणजे तो खरोखरच देव ठरला, विषय संपला. व्हिलनव्ह त्याच्या शंभर कोस पुढे आहे हे कबूल. तरी शिट्ट्या तशाच पडतात.

आता स्टिलगार. तुम्ही हसलात ना त्याला? सगळे हसले. पहिल्या भागात हा माणूस धूर्त, रांगडा सरदार होता. ड्यूकच्या मेजावर थुंकतो, आणि मग कळतं की वाळवंटात अंगातलं पाणी देणं हा सन्मान आहे. केवढी सुंदर ओळख होती ती! दुसऱ्या भागात हाविएर बार्देमच्या वाट्याला विनोदी भक्त आला. पॉल म्हणतो, मी महदी नाही. स्टिलगार खुश: बघा, किती नम्र, नाही म्हणतोय म्हणजे हाच तो! थिएटर खळखळून हसतं. मीम झाले, रील झाले. बॉस उशिरा आला तरी ‘लिसान अल-गायब’, डब्यात दुसरी भाजी निघाली तरी ‘लिसान अल-गायब’. बार्देमचं टायमिंग अचूक आहे, प्रश्नच नाही.

माझा आक्षेप या हसण्यावर आहे. कादंबरीत पॉलला शेवटाकडे कळतं की आपण एक मित्र गमावला, त्याच्या जागी एक भक्त उरला. ते वाचताना पोटात खड्डा पडतो, कारण त्याआधी आपण तो मित्र पाहिलेला असतो: स्वतःचं डोकं असलेला, पॉलशी वाद घालणारा, टोळीचा हिशेब ठेवणारा. सिनेमात स्टिलगार पहिल्या अर्ध्या तासातच भक्त झालेला असतो. मग गमावलं काय? शेवटी त्याच्या डोळ्यांतलं हसू विझून तिथे नुसती आज्ञाधारक चमक उरते, तेव्हा अंगावर काटा येतो खरा. पण तोपर्यंत आपण दोन तास त्याला विदूषक म्हणून पाहिलेलं असतं. विदूषकाचं अधःपतन होत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट: या सिनेमात श्रद्धाळू माणसाला विचार करण्याची परवानगीच नाही. उत्तरेकडचे तरुण फ्रेमन शंकेखोर, दक्षिणेकडचे कट्टर. श्रद्धा म्हणजे जणू अक्षांश-रेखांशाचा प्रश्न. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात की मेंदू वाटेत काढून ठेवायचा. मी वारकरी घरात वाढले. आमच्याकडे विठ्ठलावर जीव टाकणारी माणसं त्याच विठ्ठलाला शिव्याही घालत. नामदेव, जनाबाई, तुकाराम, सगळ्यांचं देवाशी कडाक्याचं भांडण आहे, आणि ते भांडण भक्तीच्या बाहेरचं नाही. माझी आजी एकादशी मोडायची नाही, पण कुणी बुवा गावात आला की पहिला प्रश्न तिचाच असायचा: "याचं पोट कशावर चालतं?" अशी एकही म्हातारी अराकिसवर नाही. लाखो श्रद्धाळू फ्रेमनांमध्ये एकालाही वाटत नाही की आपल्या महदीला दोन प्रश्न विचारावेत, त्याच्याशी भांडावं, देवावरच्या प्रेमापोटी या पोराला हाकलून द्यावं. प्रश्न विचारायचा तर आधी नास्तिक व्हायला हवं, असा सिनेमाचा हिशेब आहे. हा हिशेब मला आळशी वाटतो. ज्या श्रद्धेला तुम्ही धोकादायक म्हणता, ती आतून कशी असते हे बघण्याचे कष्ट तरी घ्या.

नास्तिक म्हणून उरते चानी. तिला बदलणं हा सिनेमाचा सगळ्यात धाडसी निर्णय. कादंबरीतली चानी पॉलवर शंका घेत नाही, त्याची सावली होऊन राहते. शेवटी जेसिका तिला समजावते की लग्न त्याने राजकन्येशी केलं तरी इतिहास आपल्यासारख्यांनाच बायका म्हणेल. १९६५ ची समजूत. सिनेमातली चानी हे ऐकून घेणारी नाही. लोकांना ताब्यात ठेवायचं असेल तर त्यांना मसीहा येणार असं सांगा, ते शतकानुशतकं वाट पाहत बसतील, असं ती तोंडावर सुनावते. तिची लढाई साधी आहे: फ्रेमनांना फ्रेमनांनीच सोडवावं.

मग तिच्याबरोबर कोण आहे? शिशाक्ली नावाची तिची मैत्रीण आहे, चेष्टेखोर, धारदार, सिनेमातला माझा सगळ्यात आवडता माणूस. तिला मध्यावरच हार्कोनन जाळून टाकतात. त्यानंतर चानी एकटी. तिचा पक्ष नाही, सभा नाही, योजना नाही. लोकांनी स्वतःला कसं सोडवायचं, यावर अख्ख्या सिनेमात एक बैठक होत नाही. आणि तिची शेवटची कृती पाहा. पॉल भरदरबारात राजकन्या इरुलानचा हात मागतो, आणि चानी निघून जाते. ती राजकीय विश्वासघातावर संतापली आहे हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण प्रसंगाची रचना अशी आहे की तिचा नकार आणि तिचा प्रेमभंग एकाच श्वासात येतात. झुकलेल्या दरबारात ती एकटी ताठ उभी राहते तो क्षण केवढा मोठा आहे, आणि लगेच पुढे वाळवंटात एकटी, डोळ्यांत पाणी, किड्याची वाट पाहत. सिनेमातल्या एकमेव बंडखोर बाईला अखेर ‘बॉयफ्रेंडने दगा दिला’ हा चेहरा मिळाला. माझ्या एका मित्राने बाहेर पडताना विचारलं, "पण तो तिला आधीच म्हणाला होता ना, जन्मभर प्रेम करीन म्हणून?" बघा. हे मित्राचं अज्ञान नाही. पटकथेने त्याला तेच विचारायला लावलं.

अर्थकारणाबद्दल थोडक्यात, कारण सिनेमानेही ते थोडक्यातच उरकलंय. कादंबरीत पॉल जिंकतो तो तलवारीने नाही. स्पाइस नष्ट करण्याची धमकी दिल्यावर जहाजं चालवणाऱ्या स्पेसिंग गिल्डची घाबरगुंडी उडते, आणि गिल्ड सम्राटाला वाकवतं. म्हणजे ज्याच्या हातात वाहतूक, त्याच्या हातात राज्य. सिनेमात गिल्ड जवळपास गायबच. पॉल अणुबॉम्बने स्पाइसची मैदानं उडवायची धमकी देतो, आणि तरीही मोठी घराणी सरळ नाही म्हणतात. का? ज्या गोष्टीवाचून त्यांचं जहाज हलत नाही, तिची धमकी मिळाल्यावर ती इतकी निवांत कशी? मग फ्रेमन जहाजांत चढून युद्धाला निघतात. ती चालवणार कोण? हे किरकोळ खुसपट नाही. अर्थकारण काढून घेतलं की उरतो तो फक्त निवडलेला मुलगा आणि त्याचं नशीब, आणि हर्बर्टला नेमकं तेवढंच नको होतं.

पाण्याचंही तसंच. भूमिगत तळ्याचा प्रसंग आहे. मेलेल्या फ्रेमनांच्या अंगातलं पाणी पिढ्यानपिढ्या साठवलेलं, तहानेने मरत असला तरी त्याला कुणी तोंड लावत नाही, कारण ते एक दिवस ग्रह हिरवा करण्यासाठी आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. ती ज्याने पाहिली त्याला या तळ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मला वाटलं, आता हा सिनेमा या स्वप्नाचं काहीतरी करणार. तळं दिसलं, संपलं. पुढे ‘हिरवा स्वर्ग’ हा फक्त घोषणेतला शब्द होऊन येतो.

आणि वेळ. कादंबरीत वर्षं जातात, पॉलला चानीपासून मुलगा होतो, तो मारलाही जातो, बहीण आलिया जन्मून बोलायला लागते. सिनेमात आलिया शेवटपर्यंत पोटातच आहे, म्हणजे सगळा खेळ नऊ महिन्यांच्या आत. गर्भाशी कुजबुजत कारस्थानं रचणारी रेबेका फर्ग्युसनची जेसिका भीतिदायक झाली आहे, तेवढा फायदा झाला. पण अख्ख्या समाजाने नऊ महिन्यांत भाषा, दैवत आणि सेनापती एका परक्या पोराच्या हवाली करायचं, हे जरा फारच स्वस्तात झालं. हर्बर्टचा ‘जिहाद’ हा शब्दही गाळून ‘पवित्र युद्ध’ केलंय. वाळू जॉर्डन-अबू धाबीची, ‘महदी’ चालतो, फक्त तो एक शब्द नको. आजच्या काळात तो का टाळला हे कळतं. अर्धवट टाळला, हे खटकतं.

आता शेवटचा बचाव: "तिसरा भाग येऊ दे, ‘मेसाया’वर आहे, तिथे सगळा हिशेब होईल." होईलही. व्हिलनव्हकडून मला आशा आहे. पण एका सिनेमाची उधारी दुसऱ्याने फेडायची ही पद्धत मला मान्य नाही. जगभरात एकाहत्तर कोटी डॉलर कमावलेला हा भाग ज्या कोट्यवधी लोकांनी पाहिला, त्यांतले कितीतरी तिसरा बघणारही नाहीत. त्यांच्या डोक्यात हाच पॉल राहणार. फक्त एक मिनिट पुरलं असतं. शेवटी फ्रेमन जहाजात चढतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या पाठीमागून, लांबून पाहतो. नुसती रांग दिसते. जन्मात ज्यांनी वाळूपलीकडे काही पाहिलेलं नाही, ज्यांचा सगळा धर्म या एका ग्रहाच्या पाण्याभोवती आहे, ती माणसं तो ग्रह सोडून अनोळखी लोकांना मारायला निघाली आहेत. त्यांतल्या एकाला तरी चढताना मागे वळून त्या तळ्याची आठवण आली असेल की नाही? कुणाची आई खाली उभी असेल? एकही चेहरा जवळून दिसत नाही. तेवढ्यात दार बंद होतं.